अख्खी कुब्जा

मुंजाजीची पाठ वाकडी आहे हे रायखेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मुंजाजीची समजूत अशी, की ते कुणालाच ठाऊक नाही.

तेराव्या-चौदाव्या वर्षी कधीतरी त्याच्या कण्याने आपली वाट सोडली. पुढच्या तीन-चार वर्षांत उजवा खांदा वर गेला, डावी कूस आत दबली आणि पाठीच्या उजव्या अंगाला एक उंचवटा आला. मुंजाजीने त्यावर उपाय काढला तो उपरण्याचा. जाडजूड घडी करून ते डाव्या खांद्यावर टाकायचं, म्हणजे दोन्ही खांदे सारखे दिसतात. वैशाखातल्या उन्हातही ते उपरणं जागचं हलत नसे. विहिरीवर पोहायला गेला तर हा सगळ्यांच्या आधी पाण्यात आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर. एवढी राखण केली की लोकांचं लक्ष नेमकं तिथेच जातं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. रायखेड्याची माणसं तोंडाने फटकळ असली तरी मनाने चांगली होती.

वालूर आणि चारठाण्याच्या मधलं हे गाव. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. रझाकारांच्या धामधुमीत रात्रीच्या बैठका बंद पडल्या, तेव्हापासून तिथे भारुडाची सोंगं दिवसाउजेडी निघू लागली. पुढे भीती गेली, पण रीत राहिली. भारुडाची पार्टी बन्सीधरआबांची. आबा स्वतः मृदंग वाजवत, गाणी रचत आणि सगळ्यांवर ओरडत. पार्टीतले सगळे शेतकरीच. दिवसभर औत हाकायचं आणि दिवस कलला की आबांच्या गोठ्यात तालमीला जमायचं.

या पार्टीत मुंजाजी गौळण होत असे. आणि गंमत अशी, की लुगडं नेसलं की त्याची पाठ एकाएकी त्याच्या बाजूने उभी राही. आत दबलेली डावी कूस, वर उचललेला खांदा, चालताना कमरेला बसणारा तो झोल. लोक म्हणत, असा नखरा बाईला जमत नाही. वालूरच्या पार्टीने तर आपल्या गौळणीला महिनाभर कंबर वाकडी करून उभं राहायला लावलं. त्या पोराला उसण भरली आणि त्या साली वालूरची गौळण पाटावर बसून गायली.

नखरा सगळ्यांना दिसे, दुखणं कुणाला दिसत नसे. नाच संपला की डाव्या कुशीत आग पेटल्यासारखं होई. बरगडी बरगडीवर घासल्यासारखी वाटे. भजनाला मांडी घालून बसता येत नसे म्हणून तो कायम खांबाला टेकून उभा राही आणि लोकांना वाटे, कलावंत माणूस, जरा ऐट असायचीच. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होताना तो दात आवळून धरी, कारण पलीकडच्या वाकळेवर त्याची माय कडूबाई झोपलेली असे आणि तिची झोप मांजरासारखी होती. नवरा गेल्यापासून तिला हा एकच. त्याची पाठ सरळ व्हावी यासाठी तिने आजूबाजूच्या एकाही देवाला स्वस्थ बसू दिलं नव्हतं.

त्या साली चैत्रातल्या जत्रेसाठी आबांनी नवं सोंग काढायचं ठरवलं.

"औंदा कुब्जा काढायची," मृदंगाला कणीक लावत ते म्हणाले.

कुब्जेची कथा गोठ्यातल्या बैलांनाही पाठ होती. मथुरेतली कंसाची दासी, अंगाने वाकडी. कृष्णाला चंदन लावते, कृष्ण तिच्या पावलांवर पाऊल ठेवतो, हनुवटी धरून वर उचलतो आणि ती सरळ होऊन नाचू लागते. आबांनी कथा सांगून संपवली आणि सगळ्यांनी मोठ्या शिकस्तीने मुंजाजीकडे न बघण्याचं काम केलं.

"मुंजा, कुब्जा तू," आबा म्हणाले.

"मीच कामून?"

"कामून म्हंजे? तुझ्यावाणी गानारं दुसरं कोन हाय इथं?"

हे खरंच होतं, त्यामुळे मुंजाजीला रागवता येईना. उपरणं सारखं करून त्याने पुढचं विचारलं, "आन् सरळ झाल्यावरचा नाच?"

आबांनी मृदंगाकडे बघितलं. "ते वैजीनाथ करंल. देवानं पाय ठिवला की दोघं जनं शाल आडवी धरतील. तू शालीमागून सटकायचं आन् वैजीनाथनं पुढं यायचं. लोकाला सरळ झालेली दिसली पायजे का न्हाई?"

वैजीनाथ ज्वारीच्या ताटासारखा सरळ होता हे कबूल. पण तो नाचायचाही ताटासारखाच, वारं सुटलं तर. आणि कुब्जेचं सगळं मोठेपण त्या शेवटच्या नाचात होतं. आधीचं सोंग म्हणजे खोकायचं, वाकायचं, पोरांची चेष्टा ऐकून घ्यायची. आबांनी त्यासाठी चिंध्यांचं एक भलंमोठं गाठोडंही करून ठेवलं होतं, लुगड्याखाली पाठीवर बांधायला. मुंजाजी त्या रात्री जेवला नाही. वाकडी कुब्जा त्याची आणि नाचणारी कुब्जा वैजीनाथची, ही वाटणी त्याला सहन होईना. त्याला कुब्जा हवी होती ती अख्खी.

पोटात अन्न नाही म्हटल्यावर कडूबाईने सगळं काढून घेतलं आणि सकाळी ती आबांच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली.

"भावजी, माझं लेकरू आर्धं सोंग करनार न्हाई."

"वैनी, त्याची पाठ..."

"पाठीचंच बोलायले मी. किसन कोन होनार हाय?"

"आजून ठरलं न्हाई."

"मंग व्यंकटीला करा."

आबांचा हात मृदंगावरच राहिला. व्यंकटी म्हणजे गावातला सगळ्यात आडदांड नांगऱ्या. ओठावर झुपकेदार मिशा, आवाज रेड्याचा आणि तोंडपाठ म्हणाल तर स्वतःच्या बैलांची नावं. पण व्यंकटी पायाळू होता. जन्मताना डोकं मागे आणि पाय पुढे करून आला होता, आणि अशा माणसाची लाथ बसली की उसण पळते, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. सकाळी त्याच्या अंगणात कंबर धरून माणसं उभी असत आणि व्यंकटी म्हशीची धार काढता काढता उठून एकेकाला लाथ मारी. थोरामोठ्यांना पाय लावायची त्याला फार लाज वाटे, म्हणून लाथ मारताना तो दुसरीकडे तोंड करी आणि मग त्याच माणसाच्या पाया पडे.

"एरवी त्याची लाथ मानसाची," कडूबाई म्हणाली. "पर मुकुट चढला का सोंगात देव येतो. पाय पायाळूचा, आन् वर देव. मला सांगा भावजी, वाकडं ऱ्हाईल काय?"

गोठ्यात माना हलल्या. आबांनाही ते पटलं, आणि मुंजाजीला तर पटून घ्यायचंच होतं. ठरलं असं, की व्यंकटी कृष्ण होईल, रोज तालमीत लाथ मारील आणि जत्रेपर्यंत मुंजाजी सरळ झाला तर कुब्जा अख्खी त्याची.

मग तालीम काय विचारता! गोठ्याबाहेर बघ्यांची गर्दी होऊ लागली. कृष्णाने म्हणायचं होतं, "हे सुंदरी, ऊठ, तुझी सेवा मला पावली." व्यंकटी म्हणे, "ऊठ गं ए." आबा कपाळावर हात मारत. पुराणातल्या कृष्णाने पाय ठेवला तो पावलांवर, पण रायखेड्याच्या कृष्णाचा पाय पडायचा तो थेट कमरेत. नंतर तो भर तालमीत मुकुटासकट वाकून कुब्जेच्या पाया पडे.

घरी आलं की कडूबाई विचारी, "कसं वाटायलंय?"

"बरं वाटायलंय, माय."

बरं कसलं! दुखणं रोज एक पायरी वर चढत होतं. पण बरं नाही म्हटलं की नाच गेला, म्हणून मुंजाजी लाथा खात राहिला आणि बरं वाटतंय म्हणत राहिला. अखेर एका सकाळी त्याला वाकळेवरून उठताच येईना. नुसतं मान वळवायची म्हटलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत. कडूबाई धावत व्यंकटीकडे गेली आणि म्हणाली, लाथ कमी पडायली, जरा जोरानं मारावी लागंल. व्यंकटीने येऊन मुंजाजीकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पाय उचलायला नकार दिला.

"काकू, ही उसण न्हाई. उसनंला मी वळखतो. हे दुसरंच कायतरी हाय."

त्याच आठवड्यात पूर्णेहून मुंजाजीचा मामा आला. तो तिथे रेल्वेच्या कामाला होता. त्याने बहिणीचं काही ऐकून न घेता भाच्याला बैलगाडीत कडब्यावर निजवलं, सेलूला आगगाडीत घातलं आणि पूर्णेच्या एका दवाखान्यात नेऊन उभं केलं. डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्कर, गोल चष्म्याचे. त्यांनी मुंजाजीचा सदरा काढायला लावला आणि कमरेवरचे काळेनिळे डाग बघून ते थबकले.

"ये क्या है?"

मामा म्हणाला, "लातां मारे साब, लातां."

"कायकू मारे?"

"सीधा होने कू."

"कौन मारा?"

मामाने जरा विचार केला. "किसन भगवान."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग त्यांनी शाईचा टाक घेतला आणि मुंजाजीच्या मानेपासून खालपर्यंत मणक्यावर एकेक ठिपका देत गेले. मामाच्या हातात एक आरसा दिला, मुंजाजीच्या हातात दुसरा. "देख," ते म्हणाले.

मुंजाजीने आपली पाठ आजवर कधी बघितली नव्हती. बघायची त्याची छाती नव्हती. उपरण्याखाली काहीतरी भयंकर, अंगावर शहारा येईल असं दडलेलं आहे, अशीच त्याची खात्री होती. आरशात दिसलं ते एवढंच, की ठिपक्यांची एक ओळ वरून निघाली होती, उजवीकडे जाऊन आली होती, थोडी डावीकडे गेली होती आणि कमरेला पोचली होती. गावचा ओढा असाच वाहत होता. तो कितीतरी वेळ बघत राहिला. त्याला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इतकी वर्षं घामाघूम होऊन उपरणं सांभाळलं, याचं त्याला नवल वाटत होतं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मामाने मराठीत आणून दिलं. हाड वाढता वाढता वळलंय. कुणाच्या लाथेने ते सरळ होणार नाही, देवाच्याही नाही. लाथा आजपासून बंद. पाठीच्या मांसात ताकद आणायची. सकाळी झाडाच्या फांदीला लोंबकळायचं, जमिनीवर उताणं पडून गुडघे छातीशी घ्यायचे, विहिरीत पोहायचं. दुखलं तर फडक्यात गरम वीट गुंडाळून शेक घ्यायचा. दुखणं पुरतं जाणार नाही, पण ताब्यात राहील.

"और नाचना?" मुंजाजीने चाचरत विचारलं. दवाखान्यात त्याला खरं तर हेच एक विचारायचं होतं.

"नाचो," डॉक्टर म्हणाले. "बैठे रहे तो और दुखता. मगर आग लगी, के रुकना."

मुंजाजी पूर्णेच्या फलाटावर पोटभर जेवला आणि परतीच्या गाडीत सबंध वेळ दारात उभा राहून गायला. मामाला वाटलं, गुण आला.

घरी मात्र वेगळाच प्रकार झाला. डॉक्टर काय म्हणाला ते ऐकून कडूबाई आधी चिडली. "त्यो डाक्टर काय पायाळू हाय का? त्येला काय कळतंय?" मग ती चुलीपुढे जाऊन बसली आणि धूर नसताना डोळे पुसू लागली. तिला लेकाचं लग्न दिसत होतं, लोकांची बोलणी दिसत होती. मुंजाजी तिच्याजवळ बसला, पण आरशातली गोष्ट त्याला धड सांगताही येईना.

दुसऱ्या दिवसापासून त्याने देवळामागच्या लिंबाच्या फांदीला लोंबकळायला सुरुवात केली. पहिल्याच सकाळी धुरपताबाईने त्याला बघितलं आणि असा हंबरडा फोडला, की अर्धं गाव हातातलं टाकून धावत आलं. धुरपताबाई सत्तरीची. सगळा जन्म निंदणी-खुरपणीत गेल्याने कमरेतून पार वाकलेली, काठी टेकत जमिनीकडे बघत चालायची, आणि तरी गावातली एकही गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नसे. मुंजाजी जिवंत आहे अशी खात्री पटल्यावर ती भडकली.

"वाघळावाणी लोंबकळायलास कामून रं, मेल्या? माझा जीव गेल्ता की!"

"डाक्टरनं सांगितलंय आजी, पाठीसाठी."

"पाठीसाठी?" तिने मोठ्या कष्टाने मान वर करून फांदीकडे बघितलं. "मला बी टांग मंग एकांदी बारी."

आठवडा-दोन आठवड्यांत मुंजाजी उठून हिंडू लागला आणि तालमीला आला. पाठ होती तशीच होती, पण आग कमी झाली होती, आणि आग लागणार हे त्याला आधीच कळू लागलं होतं. मग तो थांबे, भुईवर उताणा पडे, गुडघे पोटाशी घेई आणि परत उठे. त्याने नाच आपल्या पाठीला विचारून नव्याने बसवला. डावी गिरकी सोडून दिली, उजवी ठेवली. वाकायचं ते गुडघ्यात वाकायचं. जिथे कळ येई तिथे पाऊल न टाकता नुसता हात टाकायचा. हे सगळं तो एकट्याने, मळ्यात बैलांपुढे करून बघे. बैलांना आवडलं असावं.

त्याने आबांना सांगून पाहिलं. "आबा, अख्खी मला करू द्या. मी नाचतो."

"नाचशील रं, मला ठाव हाय," आबा म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "पर कथा काय हाय? देवानं सरळ केली. तू तसाच उभा ऱ्हायलास तर लोक म्हनतील, देवाला बी जमलं न्हाई."

जत्रेच्या आदल्या दिवशी मुंजाजी व्यंकटीच्या मळ्यात गेला. व्यंकटी मोट हाकत होता. मुकुट त्याच्या डोक्याच्या मापाचा केल्यामुळे कृष्ण अजून तोच होता.

"दादा, उंद्या लाथ मारू नको. पुरानात सांगितलंय तसा माझ्या पावलावर पाय ठिव."

"बरं."

"आन् एकदा ठिवला का काढू नको. आबा वरडले तरी. मी म्हनेपस्तोर दाबून धर."

व्यंकटीने बैल थांबवले. "आन् मंग? काय करनार हायस?"

"ते मला बी ठाव न्हाई," मुंजाजी म्हणाला, आणि ते खरं होतं.

जत्रेला दिवस कलायच्या सुमारास महादेवाच्या देवळापुढे मृदंग घुमला. पंचक्रोशी लोटली होती. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, पोरं झाडांवर. वालूरच्या पार्टीची माणसं पुढेच येऊन बसली होती. बायकांत पहिल्या रांगेत धुरपताबाई काठी आडवी टाकून बसली होती आणि तिच्या मागे कडूबाई.

मुंजाजी पाठीवर गाठोडं बांधून, हातात चंदनाची वाटी घेऊन आला आणि पहिल्याच फेरीत जत्रा त्याने खिशात घातली. तो खोकला, अडखळला, चेष्टा करणाऱ्या पोरांना असली चोख उत्तरं दिली की म्हाताऱ्यांनी मांड्या थोपटल्या. मग व्यंकटी आला, मिशांवरही नीळ थापलेला निळा कृष्ण. लोकांनी हात जोडले. काल ज्याच्याकडे कंबर धरून गेलो होतो त्यालाच आज हात जोडायचे, यात कुणाला वावगं वाटलं नाही.

कुब्जेने चंदन लावलं आणि गायली:

"सरलं चंदन, रिती झाली वाटी,
आता काय देऊ देवा, तुझ्या भेटीसाठी?"

व्यंकटीने पाय उचलला आणि मुंजाजीच्या पावलांवर ठेवला. हळूच, अंडं ठेवावं तसा. मृदंगाने वेग घेतला, झांजवाल्या दोघांनी शाल आडवी धरली. शालीमागे वैजीनाथ नटूनथटून तयार होता.

"सटक," तो कुजबुजला.

"पाय अडकलाय," मुंजाजी म्हणाला.

वैजीनाथने खाली बघितलं. पायाळूचा तो भला थोरला पाय नांगरासारखा रुतून बसला होता. आबा मृदंगाआडून दात-ओठ खाऊ लागले. "व्यंकट्या, पाय काड!" व्यंकटी आभाळाकडे बघत राहिला. मुंजाजीने लुगड्याखाली हात घातला, गाठ सोडली आणि चिंध्यांचं गाठोडं ओढून वैजीनाथच्या हातात दिलं. वैजीनाथला काय करावं कळेना. तो गाठोडं पोटाशी धरून तसाच खाली बसला. झांजवाल्यांचे हात भरून आले आणि शाल खाली आली.

व्यंकटीने हनुवटी धरली तसा मुंजाजी वर उठला, जितका उठता येईल तितका. मग त्याने पावलं व्यंकटीच्या पायाखालून सोडवून घेतली, तो वळला आणि लोकांकडे पाठ करून उभा राहिला. पाठीवर ना गाठोडं ना उपरणं, ना मागून ओढून घेतलेला पदर. चोळीतून उजवा उंचवटा, आत दबलेली डावी कूस, सगळं उघड्यावर. इतक्या माणसांपुढे तो पहिल्यांदाच असा उभा होता.

मृदंग थांबला. आणि त्या शांततेत धुरपताबाईचा आवाज आला, "आगं बाई! ही तं आजून वाकडीच हाय की!"

कुठेतरी खसखस पिकली. पण भारुडात कुणी बोललं तर त्याला जबाब द्यायचा असतो, हे मुंजाजीच्या रक्तात मुरलेलं होतं. तो कमरेवर हात ठेवून फिरला.

"व्हय म्हातारे, वाकडीच हाय! देव सरळ करायला निघाल्ता, म्याच म्हनलं, ऱ्हाऊ दे."

"आगं, कामून?"

"याच पाठीवर जलमभर पानी वाहिलं. हिच्यावरच चंदनाचे भारे आनले. आन् आज देव दारात आला म्हनून हिलाच हाकलून देऊ? असली बेइमानी माझ्यानं होत न्हाई."

हशा झाला, पण आताचा हशा वेगळा होता. धुरपताबाई पुढे सरकली. "मंग मागितलंस तरी काय?"

"नाच मागितला," मुंजाजी म्हणाला.

सगळ्यांनी कृष्णाकडे बघितलं. इथे कृष्णाचं एक लांबलचक भाषण होतं आणि व्यंकटी ते केव्हाच विसरला होता. त्याने खाली बघितलं, आपला पाय अजून कुब्जेच्या लुगड्याच्या काठावर रुतलेलाच आहे हे पाहून तो दचकला आणि पाय काढून घेतला.

"मंग नाच की!" तो रेड्याच्या आवाजात ओरडला. "थांबलीस कामून?"

आबांचा हात मृदंगावर पडला. पुढे काय करायचं ते त्या हाताला आबांच्या आधी कळलं. मुंजाजी नाचला. उजव्या गिरकीवर लुगड्याचा घेर फुलला, वर उचललेला खांदा हिंदकळला, दबलेली कूस तालावर आत-बाहेर झाली. कळ जिथे यायची तिथे आली आणि तिथे त्याने पाऊल न टाकता हात टाकला, आणि लोकांना तो हातच आवडला. वालूरकर तोंड उघडं टाकून बघत होते. आनंदाने मुंजाजीला वेड लागायचं तेवढं बाकी होतं.

मग बायकांत गडबड झाली. धुरपताबाई काठी न घेताच उठली होती. वाकलेली, भुईकडे बघत, ती रिंगणात आली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"धर गं कुब्जे. माझी बी वाकडीच हाय. बघू कोन आदी थकतंय."

मुंजाजीने हात धरले. दोघांनी फुगडी घातली, हळूहळू, एक कमरेतून वाकलेली आणि एक कुशीत. मृदंग त्यांच्या पावलांनी चालला. तिच्या मागून आणखी एक म्हातारी उठली, मग आणखी एक. जन्मभर निंदणीत, कापसाच्या ओळीत पाठी मोडून घेतलेल्या बायका होत्या त्या, आणि अशा बायकांना नाचायला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. आधी थकला तो मुंजाजी. धुरपताबाईने ते पुढे वर्षभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना. तो घरात भुईवर उताणा पडला होता, गुडघे वर घेऊन, आणि कडूबाई फडक्यात वीट गुंडाळून शेकत होती. आबा येऊन दारात उभे राहिले. चारठाण्याची माणसं आली होती. त्यांना त्यांच्या जत्रेत कुब्जा हवी होती.

"अख्खी?" मुंजाजीने पडल्या पडल्या विचारलं.

"अख्खी," आबा म्हणाले. "वैजीनाथला मी कंस करायलोय. त्येला बसायचंच काम हाय."

आबा गेले. कडूबाई शेकत राहिली. सकाळपासून ती गप्पच होती. मुंजाजीला वाटलं, हिला राग आला असेल. जत्रेत अख्ख्या पंचक्रोशीपुढे लेकाने पाठ उघडी टाकली होती.

"माय, रागावलीस?"

"न्हाई रं." तिने वीट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. "माझंच एक चुकलं."

"काय?"

"किसनानं पाय ठिवला, का त्या घडीला देवाला मागायचं, आसं ठरवून गेल्ते मी. लेकराची पाठ सरळ कर म्हनून. नवस बी बोलून ठिवला व्हता. हात जोडूनच बसले व्हते."

"मंग?"

कडूबाईने मान खाली घातली. "इसरले," ती म्हणाली. "तुलाच बघत बसले."

तिला खरोखर वाईट वाटत होतं. मुंजाजीला हसू फुटलं. हसलं की डाव्या कुशीत कळ यायची, तरी त्याला ते आवरेना, आणि जरा वेळाने कडूबाईलाही आवरेना.